“शेवटचं कधी चिडलात?” असं विचारणाऱ्या मॅडम

प्राध्यापक डॉ. निर्मला संचेती यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी भांडत होते. बारावी नुकतीच झाली होती. माझे वडील, आबा, मला घेऊन कॉलेजच्या कार्यालयासमोर उभे होते आणि खिडकीमागचा कारकून मला सोडून आबांशीच बोलत होता. “हिला दिसत नाही ना? मग संगणक कशाला? मराठी द्या, संगीत द्या.” आबा शेतकरी माणूस. कार्यालयात त्यांचा आवाज आपोआप खाली जायचा. “भाऊ, आम्ही दूरथून उनूत. पोरले कॉम्प्युटरच शिकानं शे,” ते म्हणाले. कारकुनानं खिडकी लोटून घेतली. मग मी आवाज चढवला. काय बोलले ते मॅडमच्या या गौरवग्रंथात छापण्यासारखं नाही. तेवढ्यात खिडकीमागून एका बाईंचा शांत आवाज आला, “कोण भांडतंय? तिला आत पाठवा.”

आत मॅडमनी मला संगणकासमोर बसवलं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर त्यावर होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा यंत्राला मराठी वाचताना ऐकलं. तो आवाज हिंदी वळणाचा होता, तळोद्याला तलोदा म्हणत होता आणि जोडाक्षर आलं की ठेच लागल्यासारखा थांबत होता. खरं तर आमच्या घरी ‘ळ’ कोणी उच्चारतच नाही, डोळ्याला आम्ही डोया म्हणतो. तरीही माझं डोकं सणकलं. “हाऊ काय बोली ऱ्हायना? डोकं फिरी गयं मन्हं!” मी ओरडले. मॅडम हसल्या नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसल्या आणि म्हणाल्या, “अजून काय काय आवडलं नाही? सगळं सांग. मी ऐकते आहे.” मी दुपारभर तक्रारी सांगत राहिले. मला कधीपासून दिसत नाही, कसं काय झालं, औषधपाणी केलं का, यातलं काहीही त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. माझा प्रवेश झाला.

आता मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत आणि निवृत्तही होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी ‘एक प्रसन्न लेख द्यावा’ असं समितीनं मला कळवलं. कळवलं म्हणजे काय, तर एका सुंदर छापील निमंत्रणाचा फोटो माझ्या फोनवर पाठवला. माझ्या फोननं तो मोठ्यानं वाचला: “प्रतिमा.” संपलं. यंत्रं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून ज्यांनी आयुष्य घालवलं त्यांच्या सत्काराचं निमंत्रण त्यांच्याच आंधळ्या विद्यार्थिनीला वाचता येऊ नये, याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. शेजारच्या वहिनींनी मला ते वाचून दाखवलं. त्यात खाली एक ओळ होती: विभागातील फोनच्या खोलीचं रूपांतर ‘डॉ. निर्मला संचेती गौरवदालन’ यात होणार. ती ओळ ऐकल्यापासून मी प्रसन्न नाही. त्या खोलीत आमच्या विद्यार्थिनी फोन घेऊन बसतात आणि यंत्राला ज्यांचं बोलणं कळत नाही अशा अपंग माणसांशी त्यांच्या बोलीत बोलतात. ती खोली गेली तर तापीकाठच्या लताबाईंचं औषध पुन्हा थांबेल. या लेखात मी जे काही सांगणार आहे ते या एका गोष्टीसाठी सांगणार आहे, हे आधीच कबूल करते.

मॅडमचं घर तळोद्याचं. संचेती पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आले आणि बाजारात कापडाचं दुकान घालून बसले. घरात मारवाडी, गल्ल्यावर अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजाराच्या दिवशी डोंगरातून जीपनं उतरणाऱ्या गिऱ्हाइकांशी मोडकीतोडकी पावरी, अशा चार भाषांत मॅडम वाढल्या. एखादं गिऱ्हाईक चिडून दुकानातून उतरलं की त्यांचे वडील छोट्या निर्मलेला त्याच्या मागं पिटाळायचे: “जा, विचारून ये, काय नाही मिळालं.” आणि ती धावत जाऊन विचारायची. कोणाला रुंद काठ हवा असायचा, कोणाला धुतल्यावर रंग न जाणारं लुगडं. पुढच्या बाजाराला ते दुकानात असायचं. गुपचूप उठून गेलेल्या गिऱ्हाइकाची मात्र वडिलांना हळहळ वाटायची, कारण त्याला काय हवं होतं ते आता कळायचा मार्ग नाही. मॅडमनी पुढं संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, बाहेरच्या विद्यापीठांतून बोलावणी आली, पण संशोधनाची पद्धत त्या दुकानातलीच राहिली.

ही पद्धत नीट सांगायला हवी, कारण मॅडमचा गौरव करणाऱ्या पुष्कळांना ती ठाऊक नाही. माणूस आणि यंत्र यांच्यातला संवाद हा त्यांचा विषय. त्यातही, अपंग माणसं आणि आडगावची माणसं यंत्र वापरायला जातात तेव्हा संशोधन नेमकं कुठं कमी पडलेलं असतं, हे शोधून काढण्यात त्यांनी सगळी नोकरी घालवली. शहरातले संशोधक आमच्या गावांत यायचे आणि विचारायचे, “हे ॲप वापरायला सोपं वाटलं का?” आमची माणसं म्हणायची, “चांगलं शे.” गाडी करून लांबून आलेल्या पाहुण्याला, चहा पिऊन झाल्यावर, तुमची वस्तू टाकाऊ आहे असं कोण सांगेल? मग अहवालात छापून यायचं की वापरकर्ते समाधानी आहेत. मॅडम तो प्रश्न कधीच विचारायच्या नाहीत. त्या ओट्यावर बसायच्या आणि विचारायच्या, “बाई, तुमले राग कव्हय उना व्हता?” शेवटचं कधी चिडलात? बाई आधी हसायची. मग शेजारीण तिच्या वतीनं सांगायला लागायची. मग तिला थांबवून बाई स्वतः सुरू व्हायची, आणि त्यानंतर आम्हाला काही विचारावं लागत नसे.

अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावर आम्ही गेलो होतो. तिथल्या एका आजोबांचा उजवा हात सतत कापायचा. मॅडमनी पावरी बोलणारी विद्यार्थिनी सोबत घेतली होती. घरच्या भाषेत बोलणारं कोणी बरोबर नसेल तर त्या कामाला जातच नाहीत. आजोबांना राग कशाचा आला होता? फोनचा. बोट कापतं, एकदा दाबायला गेलं की दोनतीनदा दाबलं जातं, आणि आधी लावलेला जावयाचाच नंबर परत परत लागतो. एकदा जावयानं इतके फोन बघितले की घरात कोणी गेलं असं समजून तो चार माणसं घेऊन रडत डोंगर चढून आला. आजोबा अंगणात विडी ओढत बसलेले! हे सांगताना सगळा पाडा हसत होता. मॅडमही हसल्या, आणि मग त्यांनी आजोबांना फोन लावून दाखवायला सांगितलं. आजोबा उठले, टेकाडावर एका खडकाशी गेले, कारण रेंज तिथंच येते, आणि हात वर करून, मान वाकडी करून, कापऱ्या बोटानं आकडे दाबू लागले.

परतताना जीपमध्ये मॅडम चिडून बोलत होत्या. कापऱ्या हातांवर संशोधन भरपूर झालं आहे, त्या म्हणाल्या, पण ते सगळं टेबलाशी खुर्चीवर बसलेल्या माणसांवर. खडकावर उभं राहून, हात वर धरून, रेंज जायच्या आत आकडा दाबायचा असतो हे कोणी पाहिलेलंच नाही, कारण पाहणाऱ्यांच्या घरात रेंज असते. चिडल्या की मॅडम नकळत मारवाडीत जातात, आणि जीपचा ड्रायव्हर बिचारा आपल्यालाच बोलतायत असं समजून गाडी हळू हळू करत गेला.

वर्गात मॅडम शोधनिबंध शेवटाकडून वाचायला शिकवायच्या. कारण शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य हमखास असतं: पुढील संशोधनात अपंग वापरकर्त्यांचा आणि अन्य बोलीभाषकांचा समावेश करता येईल. मॅडम ते वाक्य मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि विचारायच्या, “पुढे म्हणजे केव्हा?” मग त्या निबंधाच्या मध्यावर यायला सांगायच्या, जिथं अभ्यासातून कोणाला वगळलं ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दृष्टिदोष असलेले वगळले. प्रमाण भाषा न बोलणारे वगळले. वाचता न येणारे वगळले. “आता सांगा,” त्या म्हणायच्या, “आपल्या तालुक्यातलं कोण उरलं?” आंधळ्यांवरचं संशोधन शहरात होतं आणि बोलींवरचं संशोधन डोळस माणसांवर होतं. अहिराणी बोलणारी आंधळी बाई या दोन्हींच्या मध्ये पडते आणि कोणालाच दिसत नाही. अशी मध्ये पडलेली माणसं हुडकणं हेच मॅडमच्या मते खरं संशोधन होतं, आणि ते करायला फार मोठी प्रयोगशाळा लागते असं त्यांना कधी वाटलं नाही.

एका परिसंवादात एका मोठ्या विद्वानांनी मॅडमचं कौतुक केलं, “यांनी संशोधनातली एक पोकळी भरून काढली.” मॅडमना ते कौतुक झेपलं नाही. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, पोकळीत कोणी राहत नसतं. इथं लोक राहतात. त्यांची लग्नं होतात, त्यांना पोरंबाळं आहेत, त्यांनाही औषध मागवायचं असतं. रिकामं काही असेल तर ते आपल्या कपाटात आहे.” विद्वान हसले, सभागृहही हसलं आणि जेवायची सुट्टी झाली. मॅडम जेवल्या नाहीत. अपंग म्हणायचं की दिव्यांग म्हणायचं यावर जेवणाच्या रांगेत मोठी चर्चा रंगली होती, ती मी ऐकली. चर्चा करणाऱ्यांपैकी एकानंही मला ताट धरायला जागा करून दिली नाही.

आता लताबाई. लताबाई जन्मापासून पाहू शकत नाहीत आणि त्यांना फिट्सचा त्रास आहे. म्हाताऱ्या आईबरोबर राहतात. हंगामात नंदुरबारच्या मिरचीच्या व्यापाऱ्याकडे जाऊन मिरच्यांचे देठ खुडतात. बोटं इतकी सराईत की शेजारच्या डोळस बायका मागं पडतात. फिट्सच्या गोळ्या रोज घेतल्या तर त्यांना काही होत नाही, चुकल्या तर होतं. अशा माणसांना औषध घरपोच मिळावं म्हणून एक योजना आली, चांगलीच योजना आली. एका कंपनीनं त्यासाठी बोलणारं यंत्र बसवलं. ते फोन करायचं, शुद्ध मराठीत विचारायचं की आपल्याकडे औषधाची किती पाकिटं शिल्लक आहेत, आणि उत्तर ऐकून पुढचं औषध पाठवायचं की नाही ते ठरवायचं. टायपायला नको, बघायला नको. मलाही कौतुक वाटलं होतं.

यंत्रानं लताबाईंना विचारलं. लताबाईंकडे एकच पाकीट उरलं होतं. त्यांनी खरं ते सांगितलं: “एक शे.” आमच्या बोलीत शे म्हणजे आहे. एक आहे. यंत्रानं ऐकलं, एकशे. म्हणजे शंभर. “धन्यवाद. आपल्याकडे पुरेसा साठा आहे,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला. लताबाईंना वाटलं, नोंद झाली, आता औषध येईल. पाकीट संपलं, औषध आलं नाही. त्यांनी परत फोन केला तर यंत्र तेच म्हणालं. मग एका सकाळी चुलीपुढं भाकरी करताना त्यांना फिट आली आणि उजवा हात विस्तवात गेला. म्हाताऱ्या आईला त्यांना ओढून काढायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ तो हात तिथंच होता.

मॅडम आणि मी दवाखान्यात गेलो. लताबाईंच्या फोनमध्ये सगळी बोलणी आपोआप साठत होती. आम्ही ते संभाषण ऐकलं, आणि “एक शे” ऐकताक्षणी आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं. मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तो दुखत होता. लताबाई मात्र अजून आपलंच काही चुकलं का ते शोधत होत्या. “एकच व्हतं ना ताई. म्हनीसन एक शे सांगं. मी काय खोटं बोलनू का?” असं त्या परत परत विचारत होत्या. मॅडम त्यांच्या उशाशी बसून अहिराणीत म्हणाल्या, “नही वो माय. तुम्ही खरंच बोलनात.”

त्यानंतर जी बैठक झाली तिला मी हजर होते, म्हणून तिथलं बोलणं जसंच्या तसं सांगू शकते. कंपनीचा प्रतिनिधी अतिशय सभ्य होता. त्याचं म्हणणं, वापरकर्तीनं प्रमाण भाषेत पूर्ण वाक्यात उत्तर देणं अपेक्षित होतं. म्हणजे चूक लताबाईंची! मॅडमनी विचारलं, “तुमच्या यंत्रानं ऐकलेलं परत म्हणून का दाखवलं नाही? शंभर पाकिटं आहेत ना, एवढं विचारलं असतं तर बाई किंचाळली असती. आमच्या बाजारातला किराणावालासुद्धा पुडी बांधायच्या आधी विचारतो, एक किलोच ना?” तो म्हणाला, “ते पुढच्या टप्प्यात घेतलंय, मॅडम.” मॅडम म्हणाल्या, “तुमच्या पुढच्या टप्प्यात त्या बाईला नवा हात बसवणार आहात का?” एका साहेबांनी चहा मागवला. असल्या बैठकांत चहा नेमका अशाच वेळी येतो.

मॅडमनी चहाला हात लावला नाही. कॉलेजात येऊन त्यांनी प्राचार्यांकडे एक अडगळीची खोली मागितली, स्वतः झाडली, आणि आम्हाला सांगितलं की यंत्राला ज्यांचं बोलणं कळलेलं नाही अशा प्रत्येकाला आपण उलटा फोन करायचा. अहिराणी, भिली, पावरी, इथल्या कोकणा आदिवासींची कोकणी, ज्याची जी भाषा असेल त्या भाषेत. ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं आणि खरा आकडा योजनेला कळवायचा. आणि यंत्र कुठं चुकलं ते त्या माणसाच्या परवानगीनं साठवायचं, म्हणजे उद्या कोणाला खरंच चांगलं यंत्र करायचं असेल तर त्याच्याकडं आमच्या माणसांचे आवाज असतील. डोंगरातल्या मुली, ज्यांना वर्गात मराठी बोलताना घाम फुटायचा, त्या या खोलीत राण्यांसारख्या बसू लागल्या. त्यांची घरची भाषा त्यांना कॉलेजात पहिल्यांदाच कामी आली होती. लताबाईंचा फोन दर आठवड्याला व्हायचा, अजून होतो. त्यांचं औषध नंतर एकदाही चुकलेलं नाही. हाताला मिरची मात्र आता सहन होत नाही, त्यामुळे ते काम सुटलं ते सुटलंच.

या साऱ्यावर मॅडमनी निबंध लिहिला आणि एका मोठ्या नियतकालिकाकडे पाठवला. तो परत आला. कारण काय, तर अभ्यासातली माणसं फारच विशिष्ट आहेत, त्यावरून व्यापक निष्कर्ष काढता येत नाहीत. मी भडकले. ज्या निबंधांवर जगातली यंत्रं उभी आहेत त्यांतली माणसं कोण असतात? निबंध लिहिणाऱ्याच्याच कॉलेजातली, विशीतली, डोळस, धडधाकट, फुकटच्या समोशासाठी प्रयोगाला बसलेली पोरं. ती विशिष्ट नाहीत, आणि आमचा अख्खा जिल्हा विशिष्ट! मॅडमनी मला हेच उत्तर लिहायला लावलं, फक्त समोसा काढायला सांगितला. निबंध पुढं दुसरीकडे छापून आला. ज्यांनी नाकारला होता त्यांच्यातलेच एक जण आज या समितीत आहेत आणि त्यांचा ‘द्रष्ट्या संशोधिका’ हा लेख याच ग्रंथात असणार आहे. तो जरूर वाचावा.

माझ्यावरचं मॅडमचं ऋण मी एकाच गोष्टीतून सांगते. मी पीएच.डी. करत होते तेव्हा जुने निबंध फोटो काढून ठेवल्यासारखे असायचे, माझ्या स्क्रीन रीडरला त्यात एक अक्षर सापडायचं नाही. मॅडम ते स्वतःच्या आवाजात वाचून मला ध्वनिफिती पाठवायच्या. मागं कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाक, मधेच “थांब हं, दूध उतू गेलं.” आलेख आला की त्या सांगायच्या, “ही रेघ चढते, चढते आणि इथं धाडकन पडते. का पडते ते लेखकानं लिहिलेलं नाही. बहुतेक त्यालाही माहीत नाही.” त्या फितींमुळं मला निबंध कळले आणि लेखकाचा लबाडपणा कुठं पकडायचा तेही कळलं. माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक गहिवरले. “अशा परिस्थितीत एवढं काम म्हणजे...” असं ते म्हणत असतानाच मॅडमनी त्यांना अडवलं: “परिस्थितीचे गुण नकोत सर. तिसऱ्या प्रकरणात एक कच्चा दुवा आहे, तो विचारा.” परीक्षकांनी विचारला. प्रश्न अवघड होता. पण उत्तर दिलं, आणि त्या दिवशी मिळालेली पदवी माझीच आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही.

मॅडममध्ये दोष नाहीत असं नाही. त्या फोनवर ओरडून बोलतात, दुसऱ्याचा चार्जर घेऊन जातात आणि कोणाचं काम आवडलं तर ते सांगायला विसरतात, नावडलं तर मात्र विसरत नाहीत.

निमंत्रणातली ती ओळ कळल्यावर मी समितीच्या चिटणीसांना फोन केला. “अहो ताई, दालन म्हणजे मॅडमचा सन्मानच आहे,” ते म्हणाले. भिंतीवर मॅडमची छायाचित्रं, काचेच्या कपाटात शाली आणि मानचिन्हं, दारावर पितळी पाटी. मी विचारलं, “आणि फोन?” ते म्हणाले, “त्याचं पुढे बघू.” मॅडम आयुष्यभर ज्या शब्दाशी भांडल्या तोच शब्द त्यांच्या सत्काराच्या तयारीत इतक्या सहज यावा! मी त्यांना विचारलं की लताबाईंना पुढच्या आठवड्यात फोन कोण करणार. त्यांनी लताबाई कोण म्हणून विचारलं. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू अजिबात नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. सन्मान करायची एवढी हौस, आणि ज्या कामासाठी सन्मान ते काम कुठल्या खोलीत चालतं याचा पत्ता नाही.

मी मॅडमच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या मारवाडीत सुरू होतील. त्यांनी आधी मला खाकरा दिला, मग म्हणाल्या, “छाया, पाटी लावायला माणूस केव्हा येणार आहे?” सत्काराच्या दिवशी सकाळी, मी म्हणाले. “बरं,” त्या म्हणाल्या, “मग मी त्याच्या आधी जाऊन बसते. निवृत्त झालेल्या माणसाला कॉलेज पगार देत नाही, पण फोन उचलू नको असं कोण सांगतं ते बघू.” त्यांनी त्या दिवसासाठी मुलींच्या फोनवर बसायच्या पाळ्या लावून घेतल्या आणि पहिली पाळी स्वतःकडे ठेवली. दुसरी माझी आहे. तिसऱ्या पाळीला पावरी बोलणारी मुलगी आहे, तिच्यानंतर भिली बोलणारी. सभागृहातला कार्यक्रम त्यांनी नाकारलेला नाही. फक्त आपण तिथं नसू, एवढं समितीला माझ्या तोंडून कळवलं आहे.

मॅडमना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, ही माझी आणि त्या खोलीतल्या सगळ्या मुलींची मनापासूनची इच्छा आहे. डोळे शाबूत राहोत, गुडघे चालोत, आवाज असाच चढा राहो. त्यांना शांत, विश्रांतीचे दिवस मिळोत असंही लिहायची रीत आहे, पण ते लिहायला माझा हात धजत नाही, कारण त्यांनी शांत व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. समितीच्या मान्यवरांना, पाहुण्यांना आणि मॅडमवर प्रेम करणाऱ्या सगळ्यांना एकच विनंती. हार, शाल, नारळ घेऊन सभागृहाऐवजी विभागातल्या त्या खोलीत या. चपला बाहेर काढा. भाषण कोणी करू नका, टाळ्या वाजवू नका. आत आल्यावर आवाज करू नका. मॅडम फोनवर असतील, आणि पलीकडून लताबाई बोलत असतील.